डिझेल पिकअप ट्रेलरसाठी तयार करताना : ब्रेक आधी, रिमॅप शेवटी

मराठीत पिकअप या शब्दाची गंमत आहे. गाडीलाही पिकअप म्हणायचं आणि पेडल दाबल्यावर ती जी उसळी मारते तिलाही पिकअपच. त्यामुळे ‘पिकअपचं पिकअप वाढवायचंय’ असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मागे काय जोडणार? रिकाम्या गाडीची उसळी हा दहा सेकंदांचा खेळ असतो. तीन टनांचा ट्रेलर लावून घाट चढायला वीस मिनिटं लागतात. दहा सेकंदांपुरती दीडपट ताकद जवळपास कुठलंही टर्बो डिझेल देईल. वीस मिनिटं देत राहायची असेल, तर त्या ताकदीबरोबर तयार होणारी उष्णता बाहेर टाकता आली पाहिजे. पुढे जो क्रम दिलाय तो सगळा याच एका गोष्टीवर बेतलेला आहे, आणि बहुतेक लोक ज्या क्रमाने खर्च करतात त्याच्या बरोबर उलटा आहे.

ताकद किती लागते?

कागद-पेन घ्या. गाडी आणि ट्रेलर मिळून ५,५०० किलो, चढ सहा टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर. ताशी ८० किलोमीटरने चढायचं आहे. नुसतं वजन वर उचलायला ७२ किलोवॅट जातात. टायरच्या घर्षणाला साधारण १४, आणि चौकोनी तोंडाचा ट्रेलर असेल तर हवा कापायला आणखी २४ च्या आसपास. चाकांवर ११० किलोवॅट झाले. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल आपला वाटा खातात, तो धरला की इंजिनाने सव्वाशे किलोवॅट, म्हणजे सुमारे १७० हॉर्सपॉवर सलग द्यायला हवेत.

आता वेग ताशी ६० वर आणा. चाकांवरची गरज ११० वरून ७५ किलोवॅटवर येते. एक तृतीयांश ताकद वाचली, तीही गाडीला हात न लावता. हा आकडा डोक्यात ठेवा. पुष्कळांना रिमॅपची (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून ताकद वाढवण्याची) गरजच नसते, उजव्या पायाला थोडी शिस्त लागली की काम होतं.

दुसरी बाजूही बघा. क्रँकवर सव्वाशे किलोवॅट मिळवायला इंजिन साधारण सव्वातीनशे किलोवॅटचं डिझेल जाळतं. उरलेले दोनशे एक्झॉस्टमधून, रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून बाहेर पडतात. तुम्ही ताकद वाढवली की हे दोनशेही वाढतात. रेडिएटर मात्र तेवढाच राहतो.

पायरी १ : वजनकाट्यावर जा

दाराच्या चौकटीवर किंवा चेसिसवर कंपनीची पाटी असते. तिच्यावरचे चार आकडे लिहून घ्या : भरलेल्या गाडीचं कमाल वजन, गाडी आणि ट्रेलरचं मिळून कमाल वजन, आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलची मर्यादा. जाहिरातीत ‘३,५०० किलो ओढते’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. पाटी बघितली की त्यातली मेख कळते. समजा, भरलेल्या गाडीची मर्यादा ३,२०० आणि दोन्ही मिळून ६,००० आहे. गाडी पूर्ण भरली तर ट्रेलरला २,८०० च उरतात. पूर्ण ३,५०० ओढायचे असतील तर गाडी २,५०० च्या आत राहायला हवी, म्हणजे हौदा जवळपास रिकामा.

ट्रेलरचं जे वजन हुकवर टेकतं ते गाडीच्या भारात धरायचं असतं, हे हमखास विसरलं जातं. २,२०० किलोची गाडी, चार माणसांचे ३००, हौद्याच्या टपाचे ९०, अवजारांचे १००, पुढच्या बुल बारचे आणि विंचचे मिळून १००, आणि हुकवर ३५० : झाले ३,१४० किलो. मर्यादेला ६० उरले. त्यात डिझेलची जादा टाकी बसवायचा विचार असेल तर सोडून द्या.

हुकवरचं वजन बॉलच्या जोडणीत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं, असा उत्तर अमेरिकेतला संकेत आहे. युरोपीय गाड्यांना याहून कमी चालतं, म्हणून शेवटी तुमच्या गाडीच्या आणि ट्रेलरच्या पुस्तकातला आकडाच खरा. हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर बसणाऱ्या गूजनेक किंवा फिफ्थ व्हीलच्या जोडणीत हेच प्रमाण १५ ते २५ टक्के असतं.

हे वजन घरच्या वजनाच्या काट्यावरही मोजता येतं. एक भक्कम फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर ठेवलेल्या पाइपवर, दुसरं टोक काट्यावर ठेवलेल्या पाइपवर, दोन पाइपांमधलं अंतर ९० सेंटिमीटर. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना अडण्या लावलेल्या. ट्रेलरचं नाक विटेकडच्या पाइपपासून ३० सेंटिमीटरवर फळीवर टेकवा. काट्यावर दिसेल त्याला तीनने गुणा. काटा ९५ म्हणाला तर हुकवर २८५ किलो. फक्त फळी रिकामी असताना काटा काय दाखवत होता ते आधी वजा करा, आणि ट्रेलरचं नाक प्रत्यक्ष जोडल्यावर असतं तेवढ्याच उंचीवर ठेवा.

नाक हलकं असेल तर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. जड सामान ॲक्सलच्या जरा पुढे सरकवणं हा त्याच्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज.

पायरी २ : इंजिनात दम आहे का ते बघा

आजारी इंजिनाची ताकद वाढवणं म्हणजे तापात धावायला पाठवणं. मेकॅनिकच्या दारात जाण्याआधी चार गोष्टी स्वतःच बघता येतात.

इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. ऑइल भरायचं झाकण काढा आणि ते त्याच भोकावर उलटं, नुसतं ठेवून द्या. जरा थरथरलं तर काळजी नाही. नाचत नाचत खाली पडलं तर रिंगांमधून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला गॅस खाली निसटून, जास्त येतंय. काही इंजिनांत झाकणाखालीच कॅम फिरतो आणि त्याचा वारा लागतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका, पण कॉम्प्रेशन टेस्ट नक्की करून घ्या.

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचा रेडिएटरचा वरचा होज दाबून बघा. थंड असून कडक लागला तर सिस्टिममध्ये गॅस शिरतोय आणि हेड गास्केटवर संशय घ्यायला जागा आहे.

कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल देणारं) असेल तर इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे सिलिंडरमध्ये न जाता परत येणारं डिझेल, मोजून घ्या. सगळ्या इंजेक्टरना सारख्या बाटल्या लावायच्या आणि इंजिन ठरावीक वेळ चालवायचं. एकाच बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल साठलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय. रिमॅपने दाब वाढवला की पहिला तोच बसेल.

चौथी गोष्ट इंटरकूलरचे (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज. टर्बोच्या तोंडाला झाकण बसवून आत एक ते दीड बार हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. जुन्या गाडीत बुडबुडे दिसले नाहीत असं क्वचितच होतं. क्लॅम्प घट्ट केल्यावर ‘अरे, गाडी ओढायला लागली’ म्हणून परत गेलेले लोक मी पाहिलेत.

पायरी ३ : थांबता आलं पाहिजे

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत आणि ते चालू हवेत. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीत कंट्रोलर बसवावा लागतो. स्वस्तातले कंट्रोलर ब्रेक दिवा पेटला की ठरावीक वेळात ठरावीक करंट सोडतात, तुम्ही पेडल हळू दाबा की जोरात. प्रपोर्शनल कंट्रोलर गाडी किती वेगाने मंदावतेय ते ओळखून तेवढाच करंट देतो. फरक पहिल्याच उतारावर कळतो, जास्तीचे पैसे इथेच घाला. सेटिंगसाठी सपाट, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ला कंट्रोलरचा हाताचा दांडा पूर्ण सरकवा. चाकं लॉक होऊन घासायला लागली तर करंट कमी करा, गाडी जेमतेम मंदावली तर वाढवा. लॉक व्हायच्या अलीकडचा बिंदू तुमचा. माल उतरवला की तो बदलतो, पुन्हा बघा.

ब्रेक ऑइल नवं भरा. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सियसला उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर ऑइलला उकळी फुटली की पेडल थेट तळाला जातं. खरं तर उतारावर ब्रेकवर बसायचंच नाही. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्टची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी मंदावणारा) बसवता येत असेल तर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला त्याच्याइतकी उपयोगी दुसरी ॲक्सेसरी मला माहीत नाही.

हुकच्या बॉलकडे नीट बघा. जगात ५० मिलिमीटरचा बॉल चालतो आणि २ इंचांचाही, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण ५० च्या बॉलवर २ इंचांचा कपलर (ट्रेलरच्या नाकावरची, बॉलवर बसणारी वाटी) बसवला तर तो सैल राहतो आणि खड्ड्यात उसळी मारून सुटू शकतो. आकडा बॉलवर कोरलेला असतो. सेफ्टी चेन नाकाखालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर नाक रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडेल.

पाटे वाढवणं किंवा एअर बॅग (मागच्या सस्पेन्शनला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) बसवणं याबद्दल एक गैरसमज पक्का आहे. त्यांनी बसलेली शेपटी वर येते, गाडी सरळ दिसते. पाटीवरची मर्यादा मात्र एक किलोनेही वाढत नाही, कारण ॲक्सल, बेअरिंग, चेसिस आणि ब्रेक तेच असतात. दुसरं म्हणजे, मागे भार आला की पुढची चाकं हलकी होतात, आणि एअर बॅग ते वजन पुढे परत पाठवत नाही. ते काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या, म्हणजे भार वाटून देणाऱ्या हुकच्या, दांड्यांचं. तुमच्या गाडीला आणि ट्रेलरच्या ब्रेकच्या प्रकाराला तो चालतो का, हे पुस्तकात बघूनच घ्या.

टायरवरचा लोड इंडेक्स तपासा, हवा भाराप्रमाणे भरा. टायरचं एवढंच.

पायरी ४ : मीटर लावा

कंपनीच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. कुलंटचं खरं तापमान, ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान, टर्बोचा बूस्ट (तो इंजिनात भरत असलेल्या हवेचा दाब) आणि एक्झॉस्ट गॅसचं तापमान हे चार आकडे डोळ्यांसमोर हवेत. पहिले तीन पुष्कळ गाड्यांत ओबीडी सॉकेटला (गाडीची तपासणी करायच्या प्लगला) रीडर लावून मिळतात. एक्झॉस्टसाठी बहुधा प्रोब बसवावा लागतो.

प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये, जिथे सगळ्या सिलिंडरांचा किंवा निदान निम्म्यांचा गॅस एकत्र येतो तिथे बसवा. टर्बोच्या नंतर बसवणं सोपं असतं, पण भार असताना तिथलं तापमान शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतं आणि हा फरकही स्थिर नसतो. मॅनिफोल्ड उतरवून भोक पाडणं सगळ्यात उत्तम. जागेवरच पाडायचं असेल तर ड्रिलच्या बिटच्या खाचा ग्रीसने भरून घ्या, हलक्या हाताने चालवा, दोन-तीन मिलिमीटर गेलं की बाहेर काढा, चुऱ्यासकट ग्रीस पुसा, पुन्हा भरा. आरपार जायच्या बेतात आल्यावर दाब जवळपास काढून घ्या. नंतर आटे पाडतानाही हेच. शेवटी आत चुंबकाची काडी फिरवा. ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत फिरवत राहा. बिडाचा एवढासा कणही टर्बोच्या पात्यांत गेला तर काय होईल ते सांगायला नको, पाती मिनिटाला लाखभर फेऱ्या मारत असतात.

प्रोब बसला की सलग चढावर ७०० अंश सेल्सियस ही वरची रेघ धरा. क्षणभर वर गेलं तर चालतं. तिथे मुक्काम नको, कारण पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं. आतून ऑइलचा फवारा आणि दर फेरीला येणारी थंड हवा यांच्यामुळेच ते तग धरतात. ऑटोमॅटिकच्या ऑइलसाठी ८० ते ९५ निवांत, ११० च्या वर गेलं की पाय उचला.

मीटर लावल्यावर लगेच काही बदलू नका. आहे तशी गाडी, नेहमीचा ट्रेलर, ओळखीचा एक घाट. कुठल्या वळणाला कुठला आकडा होता ते शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा. हा कागद नसेल तर नंतर केलेल्या बदलाने फायदा झाला की नुसता भास झाला, हे कळायचा मार्गच नाही.

पायरी ५ : गारवा

गाडीच्या नाकात तीन जाळ्या बहुधा एकामागे एक असतात : एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर, रेडिएटर. समोरून दिसते ती पहिली, चिखल आणि किडे अडकतात ते दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत. वरचे ब्रॅकेट सोडून जाळ्या थोड्या वेगळ्या करा आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर असं, साध्या होजने पाणी मारा. प्रेशर वॉशरने पत्रे मुडपतात. त्याच वेळी फॅनचा व्हिस्कस क्लच बघा. गरम इंजिन बंद केल्यावर फॅन हाताने फिरवला तर तो जड लागला पाहिजे.

ऑटोमॅटिकला ऑइल कूलर वाढवा. मोठा, प्लेटचा, आणि जमलं तर थर्मोस्टॅट असलेला, कारण थंड हवेत ऑइल फार गार राहणंही बरं नाही. हे काम रिमॅपच्या आधी का, ते मी स्वतःच्या खिशातून शिकलो. माझ्या पहिल्या ऑटोमॅटिक गाडीत मी आधी रिमॅप केला, बाकीचं ‘बघू नंतर’. तिसऱ्या खेपेला चढावर वेग तोच असताना टॅकोमीटरचा काटा २,००० वरून आपोआप २,३०० वर सरकला. मी खूश, मला वाटलं गिअर बदलला. गिअर तोच होता. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच घसरत होता. वर पोचून डिपस्टिक काढली तर ऑइल काळं आणि वास जळक्या ब्रेकसारखा. पुढे जे बिल आलं त्यात कूलर चार वेळा आला असता.

इंटरकूलरचं महत्त्व आकड्यांत बघा. बाहेरची हवा ४० अंशांची, टर्बो ती अडीचपट दाबतोय. दाबली जाताना ती १७० अंशांच्या आसपास तापते. इंटरकूलरने ती ६० वर आणली तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये एक तृतीयांश जास्त हवा मावते. जास्त हवा म्हणजे तेच डिझेल स्वच्छ जळणार आणि एक्झॉस्ट थंड राहणार. म्हणून कंपनीचा इंटरकूलर लहान असेल तर मोठा बसवणं हा पैसा वाया जात नाही. फक्त तो जाड करून रेडिएटरची हवा अडवू नका.

पायरी ६ : गिअर आणि क्लच

४५० न्यूटन-मीटर टॉर्कचं इंजिन घ्या. १,८०० फेऱ्यांवर ते ८५ किलोवॅट देतं. टॉर्क तेवढाच धरून २,६०० वर १२२. गिअर एक खाली टाकला की हा फरक फुकट मिळतो. वर टर्बो, पाण्याचा पंप आणि इंजिनाला जोडलेला फॅन सगळेच जोरात फिरतात, त्यामुळे एक्झॉस्टही थंड राहतो. ‘डिझेल आहे, टॉपमध्येच ओढू दे’ ही सवय इंजिनं मारते.

मोठे टायर बसवलेत? मग तुम्ही स्वतःच गाडीची ताकद कापलीय. ७८५ मिलिमीटर व्यासाच्या जागी ८४० चा टायर आला की ३.७३ चा डिफरन्शियल (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या तेवढ्या फेऱ्या) ३.४९ सारखा वागतो. ट्रेलरच्या गाडीला एक तर मूळ मापाचे टायर ठेवा, नाहीतर क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी) बदला. फोर बाय फोर असेल तर दोन्ही ॲक्सलचे बदलावे लागतात, खर्च दुप्पट.

मॅन्युअल गाडीत टॉर्क वाढवला की क्लच आधी बोलतो. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाला ॲक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाबा. फेऱ्या वाढल्या आणि वेग मागे राहिला तर प्लेट घसरतेय. ड्युअल मास फ्लायव्हील (स्प्रिंगांनी जोडलेलं दोन भागांचं) असेल तर त्याच्या आतल्या स्प्रिंगांनाही मर्यादा आहे. सॉलिड फ्लायव्हील टिकतं, पण आयडलला गिअरबॉक्स खडखडतो.

पायरी ७ : हवा आत, धूर बाहेर

इथे लोक सर्वाधिक पैसे घालतात आणि सर्वात कमी मिळवतात. कंपनीचा कागदी एअर फिल्टर मूळ ताकदीला बहुधा पुरेसा असतो. तेल लावलेले जाळीचे फिल्टर हवा जास्त सोडतात आणि धूळही, आणि धूळ टर्बोच्या पात्यांची धार खाते. एक छोटा रिस्ट्रिक्शन गेज लावा, तो सांगेल तेव्हा फिल्टर बदला.

टर्बोबद्दल एकच मोजमाप सांगतो. टर्बोच्या आधीचा एक्झॉस्टचा दाब आणि बूस्टचा दाब यांची तुलना करा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर छान. एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या दीडपट किंवा जास्त असेल तर टर्बो घुसमटतोय. अशा टर्बोतून जास्त बूस्ट काढायचा प्रयत्न केला की हवेपेक्षा उष्णताच वाढते. ओढणाऱ्या गाडीला राक्षसी टर्बोही नको, कारण तो जागा होईपर्यंत चढ संपतो. मूळ मापापेक्षा एक नंबर मोठा, बस.

पायरी ८ : आता रिमॅप

डिझेलमध्ये ताकद म्हणजे जास्त डिझेल आणि ते जाळायला पुरेशी हवा. हवा कमी पडली की काळा धूर. धूर काढणारी गाडी दिसायला दणकट वाटत असेल, पण तो धूर म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेलं आणि ताकद न देता बाहेर गेलेलं डिझेल आहे.

रेल प्रेशरच्या सेन्सरला खोटा सिग्नल देणाऱ्या डब्या मिळतात. इसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं दाब कमी आहे, तो पंप दाबत राहतो. या डबीला एक्झॉस्टच्या तापमानाचं काही देणंघेणं नसतं. ट्रेलरच्या गाडीवर मी ती लावणार नाही. नीट केलेला रिमॅप प्रत्येक गिअरला वेगळी टॉर्कची मर्यादा देतो, धुराची मर्यादा पाळतो, आणि तापमान वाढलं की आपणहून माघार घेतो. ट्यूनरला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. १,५०० फेऱ्यांच्या खाली टॉर्क मूळच्यापेक्षा वाढवायचा नाही, कारण तिथे कनेक्टिंग रॉडवर सर्वात वाईट ताण येतो. आणि एकूण वाढ १५ ते २० टक्क्यांत ठेवायची. यापुढे जायचं तर हेड स्टड, नोझल, पंप, टर्बो असा वेगळाच प्रवास सुरू होतो आणि ती गाडी रोजच्या कामाची राहत नाही.

टायमिंगची एक चलाखी ओळखून ठेवा. इंजेक्शन आधी सुरू केलं की एक्झॉस्टचं तापमान खाली येतं. मीटरवर सगळं छान दिसतं. पण सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो, आणि तो दाखवणारं मीटर तुमच्याकडे नाही. हेड गास्केट उडाल्यावरच कळतं. ‘रिमॅप केला आणि तापमान उलट कमी झालं’ हे ऐकून मी तरी खूश होत नाही.

यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांत हेच काम पान्याने होतं. डॉज रॅममध्ये १९८९ साली आलेलं ५.९ लिटरचं कमिन्स तेव्हा फक्त १६० हॉर्सपॉवरचं होतं, आणि त्यातून पंपाची सेटिंग बदलून पुष्कळ जास्त काढता येतं म्हणून ते आजही लोकांच्या आवडीचं आहे. इंजिन झेललं म्हणून गिअरबॉक्स झेलेल असं मात्र नाही.

डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर (थोडा एक्झॉस्ट गॅस परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काढून टाकायचा सल्ला कोणीतरी देईलच. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये अंदाज दिला होता की त्याआधीच्या दशकभरात तिथल्या साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधून ही यंत्रणा काढली गेली. तिथे ते बेकायदा आहे, आणि बहुतेक देशांत गाडी पासिंगला अडकते, विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. आणि गरजही नसते. भार ओढताना एक्झॉस्ट गरम राहतो, त्यामुळे डीपीएफ चालता चालता स्वतःच साफ होतो. तो वारंवार भरत असेल तर इंजेक्टर किंवा इंटरकूलरचा होज तपासा, दोष तिथे सापडेल. रिजनरेशन, म्हणजे डीपीएफमधली काजळी जाळणं, चालू असताना वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, एवढं मात्र पाळा.

पायरी ९ : चाचणी

ट्रेलर ओढण्याची क्षमता मोजायची एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) हिची जे२८०७ नावाची पद्धत आहे. तिच्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ धरलेला आहे. एसी पूर्ण चालू ठेवून तो ठरावीक किमान वेगाने चढायचा, आणि वेगळ्या चाचणीत १२ टक्क्यांच्या चढावर थांबून पाच मिनिटांत पाच वेळा गाडी उचलायची, पुढेही आणि मागेही. आपण तेवढं करायला नको, पण कल्पना चांगली आहे.

चौथ्या पायरीतला तो कागद काढा. तोच घाट, तोच ट्रेलर, तेवढंच वजन, एसी चालू. शक्यतो पहिल्या खेपेसारखीच हवा असलेला दिवस. पहिल्या खेपेला जो वेग होता त्याच वेगाने चढा. एक्झॉस्ट ७०० ला पोचला तर गिअर खाली टाका, तरी उतरला नाही तर पेडल सोडा. अर्ध्या घाटात ट्रेलर डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा, पेडल सोडा आणि कंट्रोलरचा हाताचा दांडा हलकेच सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.

वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. एक्झॉस्टचा आकडा २०० च्या खाली येईपर्यंत आयडलवर राहू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागेवरच करपतं. तेवढ्या वेळात खाली उतरा, हुक बघा, ट्रेलरच्या चारही हबच्या जवळ हाताची मागची बाजू न्या. तीन कोमट आणि एक भाजतंय असं असेल, तर तिथलं बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक घाट उतरायच्या आधीच बघा.